हृदयपंप बसवलेल्या रुग्णाचा मोतीबिंदू: या चुका टाळा

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो "ऑपरेशन आहे, पाच दिवस वॉरफरिन बंद" या चिठ्ठीचा. वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी. एलव्हॅडमध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेल्या या पंपात, रक्त चोवीस तास धातूच्या चक्राला घासून जातं. गोळी थांबली की पंपात गुठळी होऊ शकते किंवा मेंदूचा झटका येऊ शकतो. आणि हे कशासाठी? कॉर्नियातून छेद घेतला तर तिथे रक्तवाहिन्याच नसतात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये असेल तर गोळी चालू ठेवा, थेंबांची भूल द्या. ताजा आयएनआर स्वतः पाहिल्याशिवाय मी रुग्ण टेबलावर घेत नाही. डोळ्यामागे सुई नकोच. थेंबांनी भागलं नाही तर बोथट कॅन्युलाने (बारीक नळीने) सब-टेनॉन, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाखाली भूल.

दुसरी चूक नाडीची. एकदा ऑक्सिमीटरची रेघ सपाट झाली, बीपीचा कफ तिसऱ्यांदा फुगून एरर दाखवू लागला. नव्या निवासी डॉक्टरने मनगट चाचपलं आणि "मॅडम, अरेस्ट!" म्हणत छाती दाबायला धावला. मी त्याचा हात धरला, कारण चादरीखालून आजोबा विचारत होते, "काय झालं?" हा पंप रक्त सलग ढकलतो, त्यामुळे नाडी बहुधा लागतच नाही. हार्टमेट ३ हा पंप दर २ सेकंदांनी वेग बदलतो, पण मनगटाला तेही सहसा कळत नाही. आधी रुग्णाशी बोला, छातीला स्टेथोस्कोप लावून पंपाची गुणगुण ऐका, कंट्रोलर (पंप चालवणारी शरीराबाहेरची पेटी) बघा. बीपीसाठी कोपरात डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरा, कफ फुगवून सावकाश सोडा. पहिला "सूं" ऐकू येईल तो आकडा साधारण ७० ते ९० हवा. याला दोन मिनिटं लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी हे रुग्ण हाताळू नयेत.

बाहुली मोठी करायला १० टक्क्यांचं फिनाईलएफ्रिन वापरू नका. बीपी चढलं की पंपाचा प्रवाह घटतो. मी २.५ टक्क्यांचंच मागवते.

रुग्णाला विनाकारण उपाशी, तहानलेलं ठेवू नका. आत रक्त कमी पडलं की पंप हृदयाची भिंतच ओढून घेतो.

दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन लिहू नका, पॅरासिटामॉल द्या.

पोटातून निघणारी ड्राईव्हलाईन (पंपाला कंट्रोलरशी जोडणारी वायर) ट्रॉलीच्या चाकात किंवा चादरीच्या चिमट्यात अडकू देऊ नका. ती मी आधी बोटांनी शेवटपर्यंत चाचपते, मगच चादर घालू देते. बॅटऱ्या बदलायच्या तर एका वेळी एकच. जादा कंट्रोलर आणि भरलेल्या बॅटऱ्यांची पिशवी नातेवाइकांकडे बाहेर नाही, टेबलाच्या पायथ्याशी हवी.