सोळा पृष्ठांचे चित्रपुस्तक घरी करताना

चित्रे चांगली जमली की मुलांचे पुस्तक झाले, असा सल्ला जो तो देतो आणि तो साफ चुकीचा आहे. भाचरांसाठी, शेजारच्या मुलांसाठी आणि एका बालवाडीसाठी मिळून मी आजवर चाळीसेक पुस्तके हाताने केली असतील. त्यांतले एकही पुस्तक चित्र वाईट आले म्हणून फसले नाही. जी फसली, ती पृष्ठांचा हिशेब आधी न केल्यामुळे फसली.

सामान थोडेच लागते. १२० ते १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) ड्रॉइंग पेपरचे ए-थ्री मापाचे दोन कागद, अस्तरासाठी, म्हणजे पाने पुठ्ठ्यांना जोडायला, त्याच मापाचा एखादा रंगीत कागद, गोधडीचा जाड दोरा, मेणाचा तुकडा, दाभण, सुई, दोन पुठ्ठे, पाठीसाठी सुती कापडाची पट्टी आणि वाटीभर मैदा एवढ्यात पुस्तक होते. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीची साधने आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून तयार केली होती, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पुस्तकबांधणीचा महागडा तयार संच विकत घेण्याचे कारण नाही.

कागदाबाबत एकच पथ्य पाळावे. यंत्रावर तयार झालेल्या कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात आणि पुस्तकाची घडी त्या दिशेलाच समांतर यावी लागते, नाहीतर घडीवर कागद फुटतो आणि पाने उघडी राहायला तयार होत नाहीत. बाजारातल्या ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असल्यामुळे तो मधोमध दुमडला की घडी नेमकी तंतूंना आडवी पडते. म्हणून ए-थ्री कागद घेऊन तो मधोमध कापावा आणि प्रत्येक अर्धा पुन्हा दुमडावा. मूळ ए-थ्री कागदाचे तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने असतील, तर ही घडी बरोबर तंतूंना समांतर बसते. खात्री करायची असेल, तर कागदाचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करावा. त्याची जी सुरळी होते, तिच्या लांबीची दिशा हीच तंतूंची दिशा.

आता मुख्य काम, म्हणजे डमी, पुस्तकाचा कच्चा नमुना. मराठीत आपण पान हा शब्द अख्खे पान आणि त्याची एक बाजू, म्हणजे पृष्ठ, अशा दोन्ही अर्थांनी वापरतो आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. चार कागद दुमडून एकात एक घातले, की पाने आठ होतात आणि पृष्ठे सोळा. कोऱ्या, रद्दी कागदाच्या अशा चार घड्या कराव्यात, एकात एक घालाव्यात, पेन्सिलीने पहिल्यापासून शेवटपर्यंत पृष्ठांचे आकडे टाकावेत आणि मग घड्या सुट्या करून पाहाव्यात. सर्वांत बाहेरच्या घडीवर सोळाव्या पृष्ठाशेजारी पहिले पृष्ठ आणि तिच्या आतल्या बाजूस दुसऱ्याशेजारी पंधरावे आलेले दिसेल. पुढच्या घडीवर चौदा-तीन आणि चार-तेरा, तिसरीवर बारा-पाच आणि सहा-अकरा, तर मधल्या घडीवर दहा-सात आणि आठ-नऊ असतात. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी सतरा भरते. भरली नाही, तर घडी उलटी पडली आहे असे समजावे.

या हिशेबातला खरा धोका मला तिसऱ्या पुस्तकात कळला. वाचताना समोरासमोर दिसणारी दोन पृष्ठे एकाच कागदावर असतात ती फक्त मध्यभागी, म्हणजे आठ आणि नऊ. बाकी प्रत्येक जोडपृष्ठाचा डावा भाग एका घडीवर आणि उजवा दुसऱ्या घडीवर असतो. मला हे माहीत नव्हते असे नाही, पण त्याचा अर्थ उमगला नव्हता. गावाला जाणाऱ्या लाल एसटीची गोष्ट होती. चार आणि पाच या पृष्ठांवर मिळून मी अख्खी एसटी काढली, आणि तीही दोन कागद टेबलावर कडेला कड लावून, टेपने चिकटवून, मोठ्या दिमाखात. शिवल्यावर घडीच्या जाडीत तीनेक मिलिमीटर कागद गडप झाला, एक घडी किंचित खाली सरकली, खिडक्यांची रांग तुटली आणि ड्रायव्हरच्या मागे बसलेली आजी निम्मी शिवणीत गेली. चार वर्षांच्या भाचीने पुस्तक उघडले, बोट ठेवले आणि विचारले, "मावशी, एसटी मोडलीय का गं?" चित्रावर आठ संध्याकाळी गेल्या होत्या.

तेव्हापासून मी काही नियम पाळते आणि त्यांना अपवाद करत नाही. लांबलचक वस्तू, मग ती एसटी असो, पालखी असो वा नदी, आठ-नऊवरच येईल अशा बेताने गोष्टीची मांडणी करावी. इतर जोडपृष्ठांवर घडीपासून दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटर जागेत चेहरा, हात किंवा अक्षर येऊ देऊ नये. तिथे आकाश, भिंत, रस्त्याची माती असे सरकले तरी न कळणारे काहीतरी असावे. चित्र एका पृष्ठावरून दुसऱ्यावर न्यायचेच असेल, तर नेमक्या घडीवर विजेचा खांब किंवा झाडाचे खोड उभे करावे, म्हणजे तुटलेली रेघ त्याच्यामागे लपते.

डमीचा दुसरा उपयोग पान उलटण्याच्या क्षणासाठी. लहान मुलाला वाचता येत नसते, पण पान उलटण्याचा हक्क ते कोणाला देत नाही. म्हणून प्रश्न उजव्या, म्हणजे विषम आकड्याच्या पृष्ठाच्या शेवटी यावा आणि उत्तर पान उलटल्यावर मिळावे. पाचव्या पृष्ठावर "एसटी थांबली. कोण चढलं?" आणि सहाव्यावर, सामानाच्या ढिगावर ऐटीत बसलेली कोंबडी. हेच दोन्ही समोरासमोर ठेवले, तर मूल आधी कोंबडी पाहते आणि प्रश्न वाया जातो. डमी हातात घेऊन गोष्ट एखाद्या मुलाला खरोखर वाचून दाखवावी. जिथे ते आपल्याआधी पान उलटू पाहते, तिथला मजकूर निम्मा करावा. एका पृष्ठावर दहा-बारा शब्दांहून अधिक काही असू नये, असे माझे ठाम मत आहे.

अक्षरे हातानेच लिहावीत. संगणकावरच्या बऱ्याच फाँटांत मराठी शाळेतला देठाचा श आणि पाकळीचा ल नसतो, आणि नुकती अक्षरे ओळखू लागलेल्या मुलाला दोन तऱ्हांचा श दाखवून काही साधत नाही. अक्षराची उंची साधारण एक सेंटिमीटर ठेवावी आणि ओळींत भरपूर अंतर सोडावे, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

चित्रे रंगीत पेन्सिलींनी किंवा कागद कापून चिकटवून करावीत. पोस्टर कलर ओल्या बोटाला लागतात आणि घोटीव कागदाचाही रंग सुटू शकतो, म्हणून तो आधी ओल्या बोटाने घासून पाहावा.

शिवण सोपी आहे. घडीवर मध्यभागी एक आणि वरखाली कडेपासून तीन सेंटिमीटरवर एकेक अशी तीन भोके दाभणाने पाडावीत, अस्तराचा कागद बाहेरची पाचवी घडी म्हणून सोबत घ्यावा, मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून ओवावा आणि गाठ आतच मारावी. स्टेपलर वापरू नये. पिना पावसाळ्यात गंजतात आणि बोटांना टोचतात. शिवून झाल्यावर आतली पाने बाहेर डोकावतात; ती धारदार कटरने पुठ्ठ्याच्या आधाराने एका रेषेत छाटावीत. या छाटणीसाठी चित्राची चौकट कडेला टेकवू नये.

पुठ्ठ्यावर चढवायला पुण्याच्या हातकागद संस्थेच्या कागदासारखा हातकागद उत्तम, कारण त्यात तंतूंना ठरावीक दिशा नसते आणि तो सर्व बाजूंनी सारखा ताणतो. दोन पुठ्ठे कापडाच्या पट्टीने जोडताना मध्ये आठेक मिलिमीटर फट सोडावी. चिकटवायला खळ वापरावी. फेविकॉल लवकर धरतो आणि वाकडा बसलेला कागद सरकवायला वेळ देत नाही. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बांधणी करणाऱ्यांची जुनी रीत आहे आणि तीच कोणीतरी तुम्हालाही सुचवेल. ती ऐकू नये. मोरचूद विषारी आहे आणि दोन वर्षांचे मूल पुस्तक आधी चावते. लागेल तेवढीच खळ करावी आणि उरलेली टाकून द्यावी.

अस्तर पुठ्ठ्यांना चिकटवल्यावर दोन्ही बाजूंना, अस्तर आणि पानांच्या मध्ये, कोरा कागद सरकवावा आणि पुस्तक पाट्याखाली किंवा जाड ग्रंथांखाली ठेवावे. आतला कागद दोन तासांनी ओला झाला की बदलावा. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. पावसाळ्यात दोन रात्री जाऊ द्याव्यात, आणि मूल कितीही मागे लागले तरी मध्येच पुस्तक उघडू नये, कारण अर्धवट वाळलेला पुठ्ठा एकदा वाकला की तो पुन्हा सरळ होत नाही.