इटलीच्या वाईनचं लेबल वाचायला शिकताय? या चुका टाळा

अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या वाईनरीच्या बागा आल्या आणि सॅन्जोव्हेसे हा इटलीतल्या टस्कनी प्रदेशाचा द्राक्षवाण सोलापूर जिल्ह्यात रुजला. त्यानंतर वाईनरीत काम शोधणारी मुलं, हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी, काही द्राक्ष बागायतदारसुद्धा इटलीच्या वाईनचा अभ्यास करू लागले. अभ्यास मनापासून होतो, पण बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. लेबलवर ठळक अक्षरात छापलेलं नाव गावाचं आहे की वाणाचं, हे ठरवण्याआधीच पाठांतर सुरू होतं.

ज्वारीच्या बाबतीत आपण असं कधी करत नाही. मंगळवेढा हे गाव आणि मालदांडी हा वाण, हे इथे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. बारोलो हे असंच गावाचं नाव आहे, वाण नेब्बिओलो. कियांती हा टस्कनीतला डोंगराळ टापू, तिथला मुख्य वाण सॅन्जोव्हेसे. बारोलोच्या बाटलीवर नेब्बिओलो शोधत बसू नका. बारोलो लिहायचं असेल तर द्राक्षं १०० टक्के नेब्बिओलोचीच हवीत असा नियमच आहे, त्यामुळे वेगळं लिहायची गरज पडत नाही. मोटेवाडीची बाटली मात्र सरळ ‘सॅन्जोव्हेसे’ म्हणून विकली जाते. आपल्याकडे वाणाचं नाव पुढे, इटलीत बहुतेक वेळा जागेचं.

मोंतेपुल्चानोचा घोळ

परीक्षेत सर्वाधिक मार्क इथे जातात. ‘विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ ही टस्कनीतल्या मोंतेपुल्चानो नावाच्या गावची वाईन. तिच्यात किमान ७० टक्के सॅन्जोव्हेसे लागतो, त्याला त्या गावात प्रुन्योलो जेंतिले म्हणतात. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये मोंतेपुल्चानो हा वाण आहे आणि आब्रुत्सो हा पूर्व किनाऱ्याचा प्रदेश. तिथे या वाणाचं प्रमाण किमान ८५ टक्के. दोन्ही वाईन लाल, एक शब्द सारखा, बाकी काही संबंध नाही.

‘दी’ किंवा ‘द’’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘ची’. बार्बेरा द’आस्ती, दोल्चेत्तो द’आल्बा, नेब्बिओलो द’आल्बा या नावांत आधी वाण आणि मग जागा येते. म्हणून ‘दी’च्या आधीचा शब्द वाणाचाच, असा ठोकताळा अनेकजण बांधतात आणि ‘विनो नोबिले’पाशी फसतात. ठोकताळ्यावर विसंबू नका, नियमावली उघडा. इटलीतल्या प्रत्येक संरक्षित नावाची अधिकृत नियमावली असते, तिला ‘दिशिप्लिनारे’ म्हणतात. ती इटलीच्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिची रचना ठरलेली आहे: कलम २ मध्ये वाण आणि त्यांचं प्रमाण, कलम ३ मध्ये हद्द, कलम ४ मध्ये बागेचे नियम आणि हेक्टरी उत्पादनाची मर्यादा, कलम ५ मध्ये वाईन करण्याची पद्धत आणि मुरवण्याचा काळ, कलम ७ मध्ये लेबल. इटालियन येत नसलं तरी आकडे आणि वाणांची नावं कळतातच. अडलात की आधी कलम २ बघायचं.

एकाच वाणाची अनेक नावं हीसुद्धा याच घोळाची दुसरी बाजू. ब्रुनेल्लो, प्रुन्योलो जेंतिले, मोरेल्लीनो हे सगळे सॅन्जोव्हेसेच. नेब्बिओलोला पिएमोंते या वायव्य इटलीतल्या प्रदेशाच्या उत्तर भागात स्पान्ना म्हणतात आणि वाल्तेल्लीनात क्याव्हेन्नास्का. उलटंही घडतं. त्रेब्बियानो तोस्कानो आणि त्रेब्बियानो दी सोआव्हे हे दोन वेगळे वाण आहेत आणि त्यातला दुसरा म्हणजे मार्के प्रदेशातला व्हेर्दिक्कियो. वहीत प्रत्येक वाणाला एक पान द्या आणि त्याची सगळी नावं तिथेच लिहा. प्रदेशवार वही केली की हाच वाण चार ठिकाणी चार नावांनी येतो आणि डोक्यात चार वाण बसतात.

डीओसीजी म्हणजे पहिला नंबर नव्हे

इटलीने १९६३ मध्ये जागेच्या नावांचा कायदा केला. १९६६ मध्ये व्हेर्नाच्चा दी सान जिमिन्यानो या पांढऱ्या वाईनला पहिला डीओसी, म्हणजे जागेच्या संरक्षित नावाचा, दर्जा मिळाला. डीओसीजी हा वरचा दर्जा १९८० पासून प्रत्यक्ष दिला जाऊ लागला. १९९२ च्या कायद्याने आयजीटी हा डीओसीच्या खालचा दर्जा आला: हद्द मोठी, नियम सैल. युरोपीय संघाच्या नव्या व्यवस्थेत डीओसी आणि डीओसीजी हे दोन्ही डीओपी या एकाच गटात येतात आणि आयजीटीचं नवं नाव आयजीपी. बाटलीवर जुनं नाव दिसो की नवं, गोंधळायचं कारण नाही.

विद्यार्थी याची उतरंड पाठ करतात आणि मग डीओसीजी म्हणजे चांगली, आयजीटी म्हणजे हलकी असा निकाल देऊन टाकतात. कायदा हमी देतो ती जागेची, वाणाची आणि पद्धतीची. चवीची हमी तो देऊ शकत नाही. सास्सिकाइयाचं उदाहरण बघा. टस्कनीच्या बोल्गेरीतल्या या वाईनचा १९६८ चा माल बाजारात आला, पण ती मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच वाणाची. तिथल्या नियमात ती बसेना, म्हणून वर्षानुवर्षं ती साध्या ‘टेबल वाईन’च्या नावाने विकली गेली. जगभर तिला मोठा भाव मिळत होता आणि कायद्याच्या लेखी ती सगळ्यात खालच्या पायरीवर होती. बोल्गेरी डीओसीत तिला १९९४ च्या मालापासून जागा मिळाली. आयजीटी दिसली की आधी विचारा की उत्पादकाने नियमाबाहेरचा वाण वापरला का.

डीओसीजीच्या बाटलीच्या मानेवर किंवा बुचावरच्या टोपणावर अनुक्रमांक असलेली सरकारी कागदी पट्टी असते. नुसतं लेबल वाचून थांबू नका, ही पट्टीही बघा.

क्लासिको, सुपेरिओरे, रिझेर्वा

हे तीन शब्द ‘चांगली, अधिक चांगली, सर्वात चांगली’ अशा चढत्या क्रमाने पाठ होतात. तसा क्रम नाही. क्लासिको म्हणजे त्या नावाचा मूळ, जुना टापू. पुढे हद्द वाढली तेव्हा जुन्या भागाने हा शब्द राखून ठेवला. कियांती क्लासिको तर १९९६ पासून स्वतंत्र डीओसीजी आहे. तिच्यात किमान ८० टक्के सॅन्जोव्हेसे लागतो, साध्या कियांतीत ७० टक्के चालतो. क्लासिकोत २००६ च्या मालापासून पांढरी द्राक्षं बंद झाली, साध्या कियांतीत ती आजही थोड्या प्रमाणात चालतात. बाटलीवर काळ्या कोंबड्याचं चिन्ह दिसलं तर ती कियांती क्लासिको. कियांतीच्या बाकीच्या सात उपविभागांना, उदाहरणार्थ रुफिना किंवा कोल्ली सेनेझी, तो छापता येत नाही.

बुडबुड्यांच्या वाईनवर ‘मेतोदो क्लासिको’ लिहिलेलं असतं, त्याचा जुन्या टापूशी संबंध नाही. दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच झालं, एवढाच त्याचा अर्थ. फ्रान्चाकोर्ता ही बुडबुड्यांची वाईन तशी करतात. प्रोसेक्को बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत आंबवतात.

सुपेरिओरेचा अर्थ बहुधा थोडा जास्त अल्कोहोल, कधी थोडी जास्त मुदत. रिझेर्वा म्हणजे जास्त मुरवलेली, पण किती, हे प्रत्येक नियमावलीत वेगळं. कियांतीत दोन वर्षं, बारोलोत ६२ महिने. साधी बारोलो ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्कोही नेब्बिओलोचीच, पण तिला २६ महिने पुरतात, त्यातले ९ लाकडात. आपल्याकडच्या बाटलीवर ‘रिझर्व्ह’ छापलेलं असलं तर त्याला हे इटालियन आकडे लावू नका.

मुदत मोजताना सोलापूरच्या लोकांकडून आणखी एक चूक हमखास होते. आपल्याकडे ऑक्टोबरात फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. इटलीत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यामुळे लेबलवरचं २०२१ हे त्या वर्षाच्या शेवटी तोडलेल्या घडांचं वर्ष आहे, सुरुवातीच्या नव्हे. बारोलोचे महिने काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून मोजतात. २०२१ च्या बारोलोला १ नोव्हेंबर २०२१ पासून ३८ महिने धरले की १ जानेवारी २०२५ येते. ब्रुनेल्लो दी मोंताल्चीनोची पद्धत वेगळी: काढणीच्या वर्षानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपासून विक्री. म्हणजे २०२० ची ब्रुनेल्लोही २०२५ लाच सुटते. अशी चार गणितं कागदावर सोडवा, नुसते महिने पाठ करून भागत नाही.

‘एक्स्ट्रा ड्राय’ गोड असते

प्रोसेक्कोवर एक्स्ट्रा ड्राय वाचून लोक ती सगळ्यात कमी गोड समजतात. बुडबुड्यांच्या वाईनमध्ये लिटरमागे साखर अशी: एक्स्ट्रा ब्रुत ६ ग्रॅमपर्यंत, ब्रुत १२ पेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, ड्राय १७ ते ३२. म्हणजे ब्रुत ही एक्स्ट्रा ड्रायपेक्षा कमी गोड. साध्या, बिनबुडबुड्यांच्या वाईनवर ‘सेक्को’ म्हणजे खरंच कोरडी, पण बुडबुड्यांच्या वाईनवर सेक्को म्हणजे वरची १७ ते ३२ वाली. हॉटेलात गिऱ्हाईकाला चुकीची बाटली जाते ती बहुतेक इथेच.

प्रोसेक्को हे २००९ पर्यंत वाणाचंही नाव होतं. त्या वर्षी वाणाचं नाव ग्लेरा ठरलं आणि प्रोसेक्को हे केवळ जागेचं संरक्षित नाव झालं. जुनी पुस्तकं, जुन्या नोट्स अजूनही ‘प्रोसेक्को द्राक्ष’ म्हणतात. हातातलं पुस्तक कोणत्या वर्षीचं आहे, हे पहिल्या पानावर बघून घ्या. नियम बदलत राहतात.

आमारोने आणि आपला बेदाणा

द्राक्ष सुकवणं आपल्याला माहीत आहे, म्हणून आमारोने ही सुकवलेल्या द्राक्षांची लाल वाईन सोपी वाटते आणि तिथेच चूक होते. आपण बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतो. मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाणी झपाट्याने बाहेर पडावं, हा उद्देश. शेडमध्ये साधारण दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला या आमारोनेच्या टापूत कोर्व्हिना, रोन्दिनेल्ला हे वाण कशातही न बुडवता हवेशीर माडीवर पसरून ठेवतात, साधारण १०० ते १२० दिवस. थंडीत हळूहळू वजन तिसऱ्या हिश्शाने किंवा थोडं अधिक घटतं, मणी सुरकुततो पण बेदाणा होत नाही, त्यात रस राहिला पाहिजे. मग तो आंबवून वाईन करतात. साखर जवळजवळ सगळी संपवली की आमारोने, अल्कोहोल किमान १४ टक्के. आंबवणं मध्येच थांबलं आणि साखर राहिली तर रेचोतो, ती गोड. आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवली की रिपासो. ‘सुकवलेल्या द्राक्षांची म्हणजे गोड’ असं उत्तर लिहिलं की आमारोने आणि रेचोतोची अदलाबदल झालीच.

आधी काय शिकायचं

इटलीचे २० प्रदेश वरून खाली पाठ करायला बसलात तर आठवड्यात कंटाळाल. सगळ्याच प्रदेशांत वाईन होते, डीओसीजी सत्तरहून जास्त आहेत. पिएमोंते, टस्कनी आणि व्हेनेतो हे तीन आधी पक्के करा. कोरा नकाशा घेऊन नद्या, डोंगर आणि गावं हाताने भरा. आल्बा कुठे, बारोलो तिच्या कोणत्या बाजूला, व्हेरोना कुठे हे हाताला कळलं की नावं आपोआप जागेवर बसतात. सिसिली आणि कांपानिया त्यानंतर.

उच्चारही सुरुवातीलाच सुधारा. ‘सीएच’ म्हणजे क, म्हणून कियांती, चियांती नव्हे. ‘जीएच’ म्हणजे ग, म्हणून बोल्गेरी. मुलाखतीत समोरचा माणूस पहिल्यांदा हेच ऐकतो.

खायच्या द्राक्षाचे निकष लावू नका. सोनाका किंवा शरदचा मणी मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा हवा असतो. वाईनच्या वाणाचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. लाल वाईनला रंग आणि तुरटपणा सालीतून मिळतो. बागेत लहान मणी दिसला म्हणून माल बिघडला असं समजू नका.

चव घेताना सोलापूरचा उन्हाळा विसरू नका

पुस्तकात ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ असं असतं. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर जातो आणि खोलीही तापलेली असते. तशी बाटली उघडली की नुसता अल्कोहोल नाकात जातो आणि नेब्बिओलो काय, सॅन्जोव्हेसे काय, सगळं सारखं लागतं. बाटली बर्फ घातलेल्या पाण्यात १५ मिनिटं बुडवा, फ्रीजमध्ये ठेवायची तर दीड-दोन तास. प्रोसेक्कोला बर्फाच्या पाण्यात अर्धा तास तरी द्या, ती ६ ते ८ अंशांवर हवी.

चव चुकीची वाटली तर वाणाला दोष देण्याआधी बाटली तपासा. बूच ओठाच्या वर आलंय, टोपणाखाली चिकट ओघळ आहे, लाल रंग तपकिरी झालाय, वास शिजवलेल्या फळासारखा येतोय, तर ती बाटली वाटेत किंवा दुकानात उन्हाने भाजली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. अशा बाटलीवरून टिपणं लिहू नका. अभ्यासाला माणशी ५० मिली पुरते, म्हणजे ७५० मिलीची एक बाटली पंधरा जणांत वाटता येते. घोट तोंडात फिरवून थुंकायचा. सहा नमुने बघायचे असतील तर दुसरा इलाजच नाही, तिसऱ्या ग्लासानंतर जीभ आणि वही दोन्ही भरवशाच्या राहत नाहीत.