कोविडनंतर रेंगाळणारा थकवा : नोंदी, तपासण्या आणि विश्रांती यांचे नियोजन कसे करावे

ताप उतरतो, चाचणी निगेटिव्ह येते आणि तरीही काही जणांची तब्येत महिनोन्महिने ताळ्यावर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे कोविडोत्तर आजारात, म्हणजे 'लाँग कोविड'मध्ये मोडतात. थकवा, धाप लागणे आणि ज्याला सर्रास 'ब्रेन फॉग' म्हटले जाते तो विसराळूपणा व गोंधळ ही त्यांतली नेहमी आढळणारी लक्षणे होत. मूळ आजार सौम्य असला आणि रुग्णालयाची पायरी चढावी लागली नसली, तरी हा त्रास होऊ शकतो.

व्याख्येतली 'दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी' ही अट आपल्याकडे सहज विसरली जाते आणि प्रत्येक दुखणे कोविडच्या माथी मारले जाते. म्हणून पहिले काम तपासण्यांचे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, वजन घटत असेल किंवा संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर क्षयरोगासाठी बेडक्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व आणि मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी या तपासण्यांबद्दल फॅमिली डॉक्टरांना विचारावे. आजारपणात स्टेरॉइड दिली गेली असतील आणि आता जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसणे किंवा लंगडल्याशिवाय चालणे जमत नसेल, तर ते 'कोविडची अंगदुखी' म्हणून सोडून देऊ नये. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते झिजत असण्याची शक्यता असते आणि सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. याउलट, काही नवे लक्षण नसताना केवळ खात्रीसाठी छातीचा सीटी स्कॅन पुन्हा पुन्हा काढण्यात अर्थ नाही.

छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर नोंदवही बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नोंदवही मात्र बाकी सर्व काळ लागतेच. या थकव्याचा एक फसवा गुण असा, की श्रमांचा हिशेब तो लगेच मागत नाही. अनेकांच्या बाबतीत तो बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी मागतो. रविवारी बरे वाटले म्हणून माळा आवरला, त्या दिवशी काहीच झाले नाही, आणि मंगळवारी सकाळी दात घासण्यासाठी हात वर धरणेही जड झाले, तर माणूस मंगळवारचे कारण मंगळवारीच शोधत बसतो. त्यामुळे रोज रात्री चारच गोष्टी लिहाव्यात : दिवसभरात केलेली कामे (मोबाइलवरचे बोलणे, हिशेब आणि मुलांचा अभ्यास घेणे यांसह, कारण मेंदूचे श्रमही श्रमच असतात), झोप कशी झाली, शून्य ते दहा यांपैकी थकव्याचा आकडा आणि त्या दिवसाचे मुख्य लक्षण. वाचताना प्रत्येक वाईट दिवसाच्या मागचे दोन दिवस पाहावेत. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून आपली मर्यादा बहुधा कळते, आणि डॉक्टरांपुढे 'फार गळून जायला होते' असे मोघम सांगण्यापेक्षा हे पान ठेवल्यास त्यांनाही काम सोपे होते.

मर्यादा कळली की तिच्या आत राहायचे, म्हणजे थकल्यावर नव्हे तर थकण्यापूर्वी थांबायचे. ऐकायला सोपे वाटणारा हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते, विशेषतः ज्या घरात बाई आडवी झाली की स्वयंपाकघर बंद पडते तिथे. कणीक आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवावी, भाजी खुर्चीवर बसून चिरावी, पोळ्या ओट्याशी उभे राहून लाटण्याऐवजी टेबलाशी बसून लाटाव्यात आणि शक्य असेल तर भाजणे दुसऱ्याकडे सोपवावे. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्याने करावी. कडकडीत पाण्याने आणि कोंदट वाफेने चक्कर येण्याची शक्यता वाढते. कपडे धुणे आणि बाजारहाट एकाच दिवशी काढू नयेत. 'थोडे थोडे चालणे वाढवत जा, आपोआप ताकद येईल' हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण श्रमांनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तब्येत ढासळणाऱ्यांना तो भोवू शकतो. कोविडच्या पूर्वीपासून परिचित असलेल्या, याच्याशी मिळत्याजुळत्या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात ठरावीक वेगाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. ज्यांची तब्येत अशी ढासळत नाही, त्यांनी व्यायाम बेताने वाढवायला हरकत नाही.

उभे राहिल्यावर धडधडते किंवा डोळ्यांसमोर अंधारी येते, अशी तक्रार असल्यास घरी एक मोजमाप करता येते. पाच मिनिटे पडून राहून नाडी आणि रक्तदाब मोजावा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटे उभे राहून दर दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे. जवळ कोणीतरी असावे आणि घेरी येऊ लागताच बसावे. प्रौढांत नाडीचे ठोके मिनिटाला तीस किंवा त्याहून अधिक वाढून तसेच राहिले आणि रक्तदाब उतरला नाही, तर हे आकडे डॉक्टरांना दाखवावेत. पाणी आणि मीठ वाढवण्याचा सल्ला यावर दिला जातो, परंतु उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो स्वतःहून अमलात आणू नये.

२०२१ मध्ये घरोघरी आलेले ऑक्सिमीटर आता ड्रॉवरच्या तळाशी पडलेले असतात. ते वापरायचे तर सेल बदलावेत, नेलपॉलिश काढावे, मेंदी लावलेले बोट टाळावे आणि हात गार असतील तर चोळून ऊब आणावी. विश्रांतीच्या वेळी आकडा ९४ पेक्षा कमी येत राहिला, तर डॉक्टरांना गाठावे. चालताना धाप लागल्यास थांबून, पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकावेत, नाकाने श्वास घ्यावा आणि फुंकर घातल्यासारखे ओठ करून तो सावकाश सोडावा.

वास परत आला नसेल तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी सुमारे वीस सेकंद, लक्षपूर्वक घ्यावेत. निदान तीन महिने नेमाने करावे. तोवर गॅसची गळती आणि विटलेले अन्न नाकाला कळणार नाही हे घरच्यांना सांगून ठेवावे. केस गळणे सहसा आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि बहुधा आपोआप थांबते, महागड्या तेलांची घाई नको.

हा सगळा आजार मुळापासून बरा करील असे सिद्ध झालेले औषध अद्याप नाही, त्यामुळे तशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. जुन्या चिठ्ठीवरची स्टेरॉइड पुन्हा सुरू करणे तर सर्वथा टाळावे. या काळात मन खचले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

कामावर परतताना डॉक्टरांकडून 'विश्रांतीची गरज' अशा मोघम शब्दांऐवजी नेमके लिहून घ्यावे : किती तास, बसून की उभ्याने, आठवड्यातून किती दिवस घरून. पहिल्या आठवड्यात तब्येतीने साथ दिली तरी तास लगेच वाढवू नयेत. नोंदवहीतले वाईट दिवस कमी झाल्याचे सलग दिसले की मगच पुढचा एक तास मागावा, आणि तो झेपला नाही तर निःसंकोच आधीच्या वेळापत्रकावर यावे.