ऊसतोडीच्या सीझनआधी नव्या कार्यकर्त्यांचं ट्रेनिंग कसं घ्यायचं

दसरा-दिवाळीच्या आसपास बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कराड, वाळवा, पलूस भागात उतरतात, कोप्या (त्यांच्या राहायच्या झोपड्या) पडतात आणि त्यांच्या मुलांच्या संरक्षणाचं काम करणारे आपले नवे कार्यकर्ते पहिल्यांदाच तिथं कामाला जातात. म्हणून ट्रेनिंग त्याच्या आधीच उरका, आणि दोन दिवस तरी द्या, एका दिवसात नुसती पीपीटी संपते.

मानवी विकास शिकवताना थिअरी थोडक्यात घ्या आणि अर्धा दिवस अंगणवाडीत बसवा. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, दीड वर्षापर्यंत पोर चालायला लागतं, दोन वर्षाचं झालं की "आई पाणी" असं दोन शब्द जोडून बोलतं, हे खऱ्या पोरांकडं बघूनच डोक्यात बसतं. एखादं मागं वाटलं तर शिक्का मारायचा नाही, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवायचं. आणि एक गोष्ट मुद्दाम बोला, तेरा-चौदाची पोरगी फडात मोळ्या बांधते, धाकट्याला सांभाळते, मग आपलेच कार्यकर्ते म्हणतात "ती आता मोठी झाली". नाही झाली, 18 पूर्ण होईपर्यंत ती कायद्यानं बालकच आहे. तिच्या लग्नाची बोलणी कानावर आली तर गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे सगळ्यांना पाठ पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोरीनं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर काय बोलायचं, याला एक अख्खी दुपार ठेवा. जोड्या पाडा, एकजण पोरगी, एकजण कार्यकर्ता. पोरगी म्हणते, "ताई, सांगते पण कुणाला सांगू नका." जवळजवळ सगळे पटकन म्हणतात "नाही सांगत गं". मीपण सुरुवातीला असंच एकीला म्हणाले होते, मग पोलिसांना कळवावंच लागलं आणि ती पोरगी माझ्याशी परत बोलली नाही, ते मला अजून लागतं. पोक्सो कायदा 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा), त्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळं हे वाक्य दहा वेळा म्हणून घ्या: "मी गावभर सांगणार नाही, पण तुला जपायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगणार, आणि आधी तुला सांगूनच."

खोदून विचारायचं नाही, तपास पोलिसांचं काम. "मग काय झालं?" एवढंच, आणि ती बोलली तेच शब्द लिहायचे. फोटो नाही, ग्रुपवर नाव नाही. घरच्यांना सांगा की पोरीचा जबाब घरीसुद्धा घेता येतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात, निम्मी भीती तिथंच जाते. मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या.

बोलायचं कसं हे वर्गात नाही येत. सकाळी दहाला कोप्यांवर जाऊन उपयोग नाही, सगळे फडात असतात. संध्याकाळी जा, चुलीपाशी खाली बसा, हातात फॉर्म नको, मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार) उभा असेल तर पोराबाळांचं काही विचारूच नका. पोरीशी बोलायचं तर चार बायांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, आडोशाला किंवा आत एकटं कधीच नाही, तुम्ही कितीही चांगले असा.

आणि कार्यकर्ता पहिल्यांदा असलं काही ऐकून आला की त्याला तसंच एसटीत बसवून घरी लावू नका, त्या संध्याकाळी चहाला थांबवा, पोराचं नाव न घेता बोलू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन करा.