अधिवेशनासाठी मदत देऊ करताय? ठरावांचं काम मागा

पक्षाचं अधिवेशन जाहीर झालं की माझ्यासारख्या जुन्या माणसांचे हात शिवशिवायला लागतात. जळगाव जिल्ह्यात मी तीस वर्षं निवडणुकांची आखणी केली. आज पद नाही, पण कुठल्या गावात कुणाचा शब्द चालतो हे अजून पाठ आहे. अशा वेळी आपण सरचिटणीसांना फोन लावतो आणि म्हणतो, "भाऊ, काही लागलं तर सांगा."

हे वाक्य टाळा. त्या माणसाचा फोन दिवसभर खणखणत असतो. तुमच्यासाठी काम शोधायचं कामही तुम्ही त्याच्याच गळ्यात घालता.

एकच काम मागा, तेही नाव घेऊन. मी ठरावांचं मागते. मांडव, जेवणावळी, गाड्या, बिल्ले यांना माणसं मिळतात, कारण ती कामं दिसतात. ठरावांचे मसुदे मात्र पुष्कळदा आदल्या रात्री घाईघाईत उरकले जातात आणि तालुक्यांतून आलेल्या माणसांना ते मांडवातच पहिल्यांदा ऐकू येतात.

याची किंमत किती मोठी असते ते सुरतेला दिसलं. १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात जहालांना धास्ती होती की आदल्या वर्षी कलकत्त्याला झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव पातळ केले जाणार. मसुदे वेळेवर हाती आले नाहीत, त्यामुळे संशय वाढत गेला. २७ डिसेंबरला टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींना बोलू देण्यासाठी चिठ्ठी पाठवली. तिला उत्तर आलं नाही. टिळक व्यासपीठावर चढले आणि पुढे जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, पक्ष फुटला. ती फूट सांधायला १९१६ चं लखनौ अधिवेशन उजाडावं लागलं. वाद मतांचा होता हे खरंच, पण मसुदे आठवडाभर आधी पोचते आणि त्या चिठ्ठीला उत्तर मिळतं, तर निदान तो दिवस निभावला असता असं मला मनापासून वाटतं.

मदत देऊ करण्याआधी पक्षघटना काढून वाचा. ठराव कोण मांडू शकतो, उपसूचना (ठरावाच्या मसुद्यात सुचवलेला बदल) किती दिवस आधी द्यायची, अनुमोदक किती लागतात, गणपूर्ती (किमान हजेरी) किती, एवढं वहीत उतरवा. मग मुदतीपासून मागे मोजा. दीड महिना हाताशी असेल तर जा. आठ-नऊ दिवसच उरले असतील तर ठरावांचं काम मागू नका, नोंदणीच्या टेबलावर बसा. तिथेही अनुभवी माणूस लागतोच.

जायचं कुणाकडे? स्वागत समितीकडे नाही, ती व्यवस्था पाहते. ठराव ज्याच्या सहीने बाहेर जातात त्याच्याकडे जा. आधी दोन ओळी पाठवा. मी अशा लिहिते: "भाऊ, ठरावांचे मसुदे तालुक्यांना आधी पोचवणं आणि त्यांच्या उपसूचना गोळा करून तुमच्या टेबलावर आणणं, एवढं काम माझ्याकडे द्या. दोन मुलं आणि एक संगणक लागेल. मानधन नको, व्यासपीठावर खुर्ची नको. मंगळवारी दहा मिनिटं भेटते."

भेटीत तीन गोष्टी स्वतःहून सांगा. पूर्वी दुसऱ्या पक्षाचं काम केलं असेल तर ते. पदाच्या चुरशीत कुणाच्या बाजूचे असाल तर ते. आणि पैसे घेणार असाल तर आकडा. नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळलं की तुमच्या चांगल्या सल्ल्यालाही वास येतो.

हे मी चूक करून शिकले. एका अधिवेशनाला मी शेवटच्या आठवड्यात "काही लागलं तर" म्हणत गेले. काम ठरलेलं नव्हतं, नुसती फिरत होते. रावेरकडचा एक केळीवाला कार्यकर्ता मांडवाच्या कडेला भेटला. पाठकोऱ्या कागदावर उपसूचना लिहून आणली होती, कडेला केळीच्या चिकाचा काळा डाग. मसुद्यात "विम्याचा योग्य लाभ मिळावा" एवढंच होतं. त्याचं म्हणणं नेमकं होतं: भरपाई हवामान केंद्राच्या तापमानावर ठरते, केंद्र दूर असलं की बाग करपते आणि नोंद मात्र मर्यादेत राहते आणि भरपाई मिळत नाही, म्हणून केंद्रं वाढवा. मी कागद व्यासपीठाकडे नेला. अनुमोदकाची सही नाही म्हणून परत आला. मी मागे वळेपर्यंत ठराव टाळ्यांत मंजूर झाला होता. सही करायला त्याच्या शेजारी चार माणसं बसली होती. मला नियम ठाऊक असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

म्हणून होकार मिळाला की पहिल्याच दिवशी उपसूचनेचा छापील नमुना करा: मूळ वाक्य, बदललेलं वाक्य, सूचक, अनुमोदक, तालुका, फोन. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या, पोच द्या आणि पुढे काय झालं ते त्या माणसाला फोन करून सांगा. नाकारली गेली असेल तर कारणासकट सांगा. हे फोन दुसऱ्यावर सोपवू नका. ज्याची उपसूचना पडली त्याला तुमचाच आवाज ऐकू द्या, आणि तोही अधिवेशन सुरू व्हायच्या आत.