आजीसाठी जुनी गाणी लावताना
वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी उतारवयातही सर्वांत ठळक राहतात, म्हणून आजीसाठी गाणी निवडताना आधी तिचे जन्मसाल पाहावे. ती १९४० मध्ये जन्मली असेल, तर १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले 'गीतरामायण' तिने चौदा-पंधराव्या वर्षी ऐकलेले असू शकते. एका वेळी एकच गाणे, शक्यतो मूळ ध्वनिमुद्रणातले, बेताच्या आवाजात लावावे आणि ते संपेपर्यंत काहीही विचारू नये. घाई नडते ती इथेच. तिची बोटे मांडीवर ताल धरू लागली, की 'तेव्हा रेडिओ कुणाच्या घरी होता, शेजारी कोण बसायचे?' एवढेच विचारावे. डोळे भरून आले, तर गाणे बंद न करता तिचा हात हातात घ्यावा.