वळीव, मृग, थंडी : हवा बदलली की मिशावाले मासे कुठं शोधायचे

एप्रिलच्या भर दुपारी धरणाच्या उथळ काठाला लोक गळ टाकून बसलेले दिसतात आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी जातात. मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या वेळी शिवडा, मागूर, शिंगाळा या मिशावाल्या माशांतलं कुणी तिथं नसतंच. मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग गरम. त्यामुळं आभाळ नंतर बघायचं, हवेनं पाण्याचं काय केलं ते आधी बघायचं.

निघायच्या आधी मोबाईलवर नुसती आजची हवा बघू नका, मागचे तीन दिवस बघा. पाणी हळू तापतं, हळू निवतं. तीन दिवस एकसारखी हवा असेल तर मासा आपल्या ठरलेल्या जागी नीट खात असतो, पण रात्रीत एकदम गारठा पडला तर तो खोल डोहात जाऊन गप्प बसतो आणि मग कितीही भारी रॉड असू दे, उपयोग नाही.

काठावर पोचलात की लगेच गळ टाकू नका. पाण्यात कोपरापर्यंत हात घाला. वरचं पाणी कोमट आणि खाली बोटांना गार लागत असेल तर दिवसा खोल बाजू धरायची, अंधार पडल्यावर उथळ. मग वारा बघा. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारनंतर बहुतेक वेळा पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा पूर्वेच्या काठावर आपटतात, तिथं किडे-कचरा गोळा होतो, पाणी घुसळून त्यात हवा मिसळते आणि त्यामागं छोटे मासे येतात, छोट्यांच्या मागं शिवडा. तोंडावर वारा येतो म्हणून लोक तो काठ सोडतात, मी तोच घेतो.

आता वळवाचं सांगतो, कारण वर्षातली सगळ्यात चांगली संधी हीच. पानशेतच्या बाजूला मे महिन्यात एकदा तासभर वळीव कोसळून गेला आणि कोरडा पडलेला ओढा लाल पाणी घेऊन धरणात उतरला. हिरव्या पाण्यात लाल पाण्याची जीभ शिरावी तसं दिसत होतं, मधे एकदम स्पष्ट रेघ. मी आधी लाल पाण्यात गळ टाकला, काही नाही. मग रेघेच्या दोन हात अलीकडं हिरव्या बाजूला टाकला आणि दहा मिनिटांत दोरी सरळ चालायला लागली. ओढ्यातून वाहून आलेली गांडुळं, किडे तिथं येतात, पाणी थोडं गार होतं, ऑक्सिजन वाढतो आणि गढूळपणामुळं मासा दिवसासुद्धा बिनधास्त फिरतो. त्याला दिसलं नाही तरी चालतं, मिशांनी चव आणि स्पर्श दोन्ही कळतं. म्हणून गढूळ पाण्यात चमकदार आमिषापेक्षा वासाचं आमिष लावा : गांडुळाचा झुपका किंवा कोंबडीचं काळीज. काळीज गळावरून लगेच सुटतं, त्यामुळं साध्या शिवणाच्या दोऱ्याचे चार-पाच वेढे द्या आणि पाण्यात टाकून वीस मिनिटांनी बदला, कारण धुतलेल्या काळजाला वास राहत नाही.

पण हे सगळं पाऊस थांबल्यावर. वीज कडाडत असताना रॉड हातात धरू नका, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. सामान खाली ठेवून पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत बसा, झाडाखाली थांबू नका.

मृग नक्षत्र म्हणजे 7-8 जूनच्या आसपास पाऊस लागला की चढणीचे मासे सुरू होतात, नव्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. इथं माझं मत ठाम आहे, पोट फुगलेली मादी धरू नका, आली तर सोडून द्या. चढणीचे मासे टोपल्या भरून मारले तर पुढच्या वर्षी धरणात येणार कुठून. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जोरात असेल तर मासा धारेत राहत नाही, खडकामागं, वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं पाणी गोल फिरतं तिथं असतो. खडकवासल्यातून विसर्ग सुरू असेल तर मुठेच्या पात्रात उतरायचंच नाही, पाणी बघता बघता वाढतं. आणि शहरातल्या मुळा-मुठेचा मासा खाऊ नका, सांडपाणी कुठं जातं ते आपल्याला माहीतच आहे.

ऑक्टोबर हीटमध्ये संध्याकाळ ते रात्र, बास.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा 10 च्या खाली गेला की पहाटेचा हट्ट सोडा. माशाचं पचनच मंदावलेलं असतं. दुपारी तीन ते सूर्यास्त, दिवसभर ऊन खाल्लेल्या खडकाळ काठाजवळ बसा, आमिष छोटं लावा आणि जास्त थांबा. पहिल्या झटक्याला ओढू नका.

दोन गोष्टी राहिल्या. धरणातली मासेमारी बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थेकडं ठेक्यानं असते, आधी गावात विचारा, भिंतीजवळ तर जाऊच नका. आणि आफ्रिकन मागूर लागला, ज्याच्या पैदाशीवर आपल्याकडं 2000 सालापासून बंदी आहे, तर तो परत पाण्यात सोडू नका, तो बाकीचे मासे खाऊन टाकतो.

मासा हातात घेताना कल्ल्यामागच्या काट्यांपासून जपा, शिंगी (शिंगाळा नव्हे, हा वेगळा मिशावाला मासा) हिच्या काट्यात तर विष असतं. टोचलं तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवा, ठणका कमी होतो, आणि सूज वाढली किंवा काटा आत मोडला तर सरळ डॉक्टरकडं जा.